ओल्या ओंडक्यातून सालीच्या काठाचा बाऊल, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

लेथ मशीन, म्हणजे लाकूड गोल फिरवत कातायचं यंत्र, घेतलं की पहिली अडचण येते लाकडाची. चार इंच जाड, पूर्ण सुकलेला, कुठेही तडा नसलेला ठोकळा वखारीत मागून बघा, मिळतच नाही, आणि मिळालाच तर सागाचा असतो आणि त्याची किंमत ऐकून माणूस परत येतो. दुसरीकडे दर पावसाळ्यात आपल्या आजूबाजूला एवढी झाडं आणि फांद्या पडतात, ते ओंडके रस्त्याकडेला पडून राहतात आणि शेवटी चुलीत नाहीतर भट्टीत जातात. त्याच ओल्या ओंडक्यातून जो बाऊल निघतो तो सुक्या फळीतून निघूच शकत नाही. काठाला झाडाची साल तशीच राहते, काठ दोन बाजूंना उंच आणि दोन बाजूंना खाली लाटेसारखा जातो, आणि सुकताना बाऊल थोडा लांबट होऊन स्वतःचा आकार स्वतः घेतो.

मी याकडे वळलो ते 2020 मध्ये. 3 जूनला निसर्ग वादळ आलं आणि दापोलीकडे मामाच्या वाडीत आंबे, फणस, काजू सगळं आडवं झालं, महिनाभर नुसती लाकडं ओढायचं काम चालू होतं. त्यातले काही तुकडे पुण्याला आणले आणि शिकत गेलो. खाली जे लिहितोय ते बाकी कशासाठी नाही, तर तुमचे पहिले चार-पाच ओंडके वाया जाऊ नयेत म्हणून.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ओलं लाकूड तुमच्यासाठी थांबत नाही. कापल्या क्षणापासून ते सुकायला लागतं, सुकलं की आकसतं, आकसलं की हलतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीभोवती आहेत.

लाकूड का हलतं

ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं, एक पेशींच्या पोकळीत आणि दुसरं पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी जाताना लाकडाच्या आकारात काही फरक पडत नाही, पण ओल साधारण 30 टक्क्यांच्या खाली आली की भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. ते सगळीकडे सारखं नसतं. रेषेच्या, म्हणजे ओंडक्याच्या उभ्या तंतूंच्या, लांबीत लाकूड जवळजवळ आकसतच नाही, गाभ्यापासून सालीकडे थोडं आकसतं, आणि वर्षाच्या वर्तुळांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. म्हणून 8 इंचाचा गोल बाऊल सुकल्यावर रेषेच्या दिशेला 8 इंचच राहतो आणि आडवा अर्धा इंचभर कमी होऊ शकतो. भिंत सगळीकडे सारखी पातळ असेल तर लाकूड न फाटता वाकतं. एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ असेल तर पातळ भाग आधी सुकतो, जाड भाग त्याला हलू देत नाही, आणि मग तडा जातो. भिंत सारखी ठेवा असं सगळे का सांगतात त्याचं कारण हे.

ओंडका कुठून, कोणता

पडलेलं झाड दिसलं म्हणून लगेच करवत घेऊन जाऊ नका. शहरात झाडांसाठी 1975 चा कायदा आहे आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण असतं, ग्रामीण भागात 1964 चा झाडे तोडण्याचा कायदा आहे आणि त्याच्या यादीत साग, खैर, चंदन तर आहेतच पण आंबा, फणस, चिंच, जांभूळसुद्धा आहेत. सगळ्यात सोपं म्हणजे फांद्या छाटायला आलेल्या माणसांशी नाहीतर सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलायचं, जिथे परवानगी आधीच घेतलेली असते तिथले दोन ओंडके विचारून घ्यायचे. चंदन आणि खैर कोणी फुकट दिला तरी हात लावू नका.

पहिल्या बाऊलसाठी माझं मत विचाराल तर रेन ट्री, म्हणजे रस्त्याकडेचा तो मोठ्ठा विलायती शिरीष. आत अक्रोडासारखं गडद तपकिरी, बाहेर पिवळसर पट्टा, आणि सालीलगतचा तो पिवळा पट्टा काठावर अक्षरशः रेघ मारल्यासारखा दिसतो. शिवाय हे लाकूड सुकताना फार कमी आकसतं. हवाईमध्ये याच झाडाला मंकीपॉड म्हणतात आणि तिथे त्याचे बाऊल ओले असतानाच कातायची जुनी पद्धत आहे. आंबा मऊ आहे, हाताला सोपा, पण धार थोडी कमी झाली की लगेच रेषा उपटल्या जातात आणि पृष्ठभाग केसाळ होतो. फणस सुंदर पिवळा निघतो आणि काही महिन्यांत सोनेरी तपकिरी होतो, फक्त चीक गाऊजला, म्हणजे कातायच्या पन्हाळीसारख्या पटाशीला, चिकटतो. बाभूळ घट्ट आणि जड, खडबडीत साल काठावर फार देखणी दिसते, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या बाऊलला घ्या. गुलमोहर अगदी हलका आणि भुसभुशीत, सरावाला ठीक. काजूचा चीक अंगावर उठू शकतो, बिब्ब्याच्या तर जवळपासही जाऊ नका.

साल टिकणार की नाही हे झाड कधी कापलं यावर ठरतं. पावसाळ्यात, नवी पालवी फुटताना साल आणि लाकूड यांच्यामधला थर ओलसर आणि नाजूक असतो, साल केळीच्या सालीसारखी सुटते. थंडीत, पानगळीच्या वेळी कापलेल्या झाडाची साल घट्ट बसते, म्हणून पौष-माघातला ओंडका मिळाला तर सोडू नका. तपासायचं सोपं आहे, ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर साल आणि लाकडाच्या सांध्यात चाकूचं टोक घालून हलकं उचलून बघायचं. साल सहज उचलली गेली तर तिथेच निर्णय घ्या आणि सगळी साल काढून टाका. सालीशिवायचा काठही छान दिसतो, खालचं लाकूड गुळगुळीत आणि नैसर्गिक वळणाचं असतं. अर्धवट सुटलेली साल ठेवून लेथ चालू करणं मात्र धोक्याचं आहे. माझ्या पहिल्या आंब्याच्या बाऊलची साल पावसाळ्यातली होती, वीतभर लांब तुकडा सुटून माझ्या फेस शील्डवर आपटला. शील्ड नसतं तर डोळा गेला असता. तेव्हापासून शील्ड खाली केल्याशिवाय मी स्विचला हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

ओंडका कापताना

ओंडका आणला की लगेच तुकडे करायचे नाहीत, जेवढा लांब ठेवता येईल तेवढा ठेवा, दोन्ही तोंडांना मेण किंवा जुना ऑईल पेंट जाड फासा, सावलीत ठेवा. तोंडाकडून पाणी सगळ्यात भराभर जातं आणि तडे तिथूनच सुरू होतात, त्यामुळे काम करायच्या दिवशी टोकाचे दोन इंच कापून टाका आणि आत तडा नाही याची खात्री करा. नंतर ओंडक्याच्या व्यासाएवढीच किंवा थोडी जास्त लांबी कापायची, आणि मग गाभ्याच्या ठिपक्यातून उभे दोन भाग करायचे. एका ओंडक्यातून दोन बाऊल निघतात. गाभ्याचा ठिपका बाऊलमध्ये राहिला तर तिथून तडा जाणारच, म्हणून अर्ध्या भागाच्या सपाट बाजूवरून अजून अर्धा ते एक इंच काढून टाका. आता सपाट बाजू म्हणजे बाऊलचा तळ आणि सालीची बाजू म्हणजे तोंड.

चेनसॉ हाताळायची सवय नसेल तर हे काम सॉ मिलमध्ये करून घ्या, थोड्या पैशात होतं आणि काप सरळ येतो.

बाऊल किती मोठा काढायचा इथे नवीन माणूस नेहमी चुकतो. त्याला वाटतं 10 इंचाच्या ओंडक्यातून 10 इंचाचा बाऊल काढू. पण काठ सालीवरून येतोय आणि साल गोल आहे, बाऊल जितका रुंद तितका काठ बाजूंना खाली घसरणार. हिशोब बघा, 10 इंच व्यासाच्या ओंडक्यात 8 इंचाचा बाऊल काढला तर उंच टोकं आणि खालच्या बाजू यांच्यात 2 इंचाचा फरक पडतो. 6 इंचाचा काढला तर फरक फक्त 1 इंच. आणि 10 इंचाचाच काढायला गेलात तर बाजूंना काठ थेट तळाला टेकतो, म्हणजे बाऊल उरतच नाही. पहिल्यांदा 7 इंचाच्या आसपास राहा.

मग पुठ्ठ्याची गोल चकती कापून सालीवर मध्यभागी खिळा मारून लावायची आणि तिच्या कडेने बँडसॉवर, म्हणजे फिरत्या पट्ट्याच्या करवतीवर, गोल कापायचं. बँडसॉ नसेल तर करवतीने कोपरे उडवून आठ बाजू करा, बाकीचं काम लेथ करतो. सुरुवातीला थोडं जास्त हादरेल एवढंच.

लेथवर चढवणं, खरी मेहनत इथे

हे काम मशीन बंद असतानाचं आहे आणि बाऊल चांगला दिसणार की नाही हे इथेच ठरतं. मी अर्धा तास सहज यात घालवतो आणि मला तो वेळ कधीच वाया गेल्यासारखा वाटत नाही.

सालीच्या बाजूला बरोबर मध्यभागी इंचभर रुंदीचं भोक पाडा, साल ओलांडून घट्ट लाकडापर्यंत. हेडस्टॉकच्या, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या बाजूच्या, चार दातांच्या सेंटरला घट्ट लाकूड लागलं पाहिजे, सालीवर दात बसवले तर साल चुरगळते आणि तुकडा निसटतो. ते भोक नंतर आतून कोरताना निघून जातं, काळजी नको. सपाट बाजूला टेलस्टॉकचं, म्हणजे समोरून आधार देणाऱ्या भागाचं, टोक लावा पण आत्ता हलकंच.

आता तुकडा हाताने फिरवून बघा. काठावर चार जागा महत्त्वाच्या आहेत. ओंडक्याच्या लांबीच्या दिशेला दोन उंच टोकं येतात, त्यांच्या काटकोनात दोन खालच्या बाजू. टूलरेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायची पट्टी, सालीच्या जवळ आडवी लावा आणि तिच्या कडेपासून पहिल्या उंच टोकापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. तुकडा अर्धा फिरवा, दुसऱ्या टोकाचं अंतर मोजा. सारखं नसणार. जे टोक हेडस्टॉकच्या जास्त जवळ येतंय त्याच्या बाजूला टेलस्टॉकची खूण सरकवायची, एका वेळी 5-6 मिलिमीटर, परत घट्ट करायचं, परत मोजायचं. दोन्ही उंच टोकं सारखी झाली की मग खालच्या दोन बाजूंना हेच. कधीकधी दुसरी जोडी जुळवताना पहिली थोडी हलते, परत जायचं. ओंडका वाकडा असेल तर चारही जागा अगदी तंतोतंत जुळत नाहीत, तेव्हा मी उंच टोकांना आधी मान देतो कारण बाऊल टेबलावर ठेवल्यावर डोळा आधी तिथे जातो.

हे न करता थेट कातायला घेतलं तर बाऊल तयार झाल्यावर एका बाजूला झुकलेला, काठ कलंडलेला दिसतो आणि तेव्हा काहीही करता येत नाही. माझे असे दोन बाऊल घरी आहेत, एकात बायको लसूण ठेवते.

बाहेरची बाजू

टेलस्टॉक घट्ट आवळा, टूलरेस्ट लावून तुकडा हाताने पूर्ण एक फेरी फिरवून कुठे आपटत नाही ना बघा, स्वतः फिरत्या तुकड्याच्या रेषेतून बाजूला उभे राहा आणि सगळ्यात कमी स्पीडला चालू करा. स्पीडचा एक ढोबळ हिशोब आहे, व्यास इंचात गुणिले आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, हे 6000 ते 9000 च्या मध्ये यायला हवं, म्हणजे 8 इंचाला साधारण 750 ते 1100. पण हे गोल झाल्यानंतर. ओबडधोबड असताना 350-400 च्या वर जाऊ नका, आणि मशीन हलायला लागलं की स्पीड कमी करा, थांबा, परत बघा.

अर्धा इंचाची बाऊल गाऊज घ्या, नुकती धार लावलेली. ओलं लाकूड कातायला खरंच सुख असतं, छिलके लांब लांब पट्ट्यांसारखे खांद्यावरून जातात, अंगावर पाणी उडतं, वास येतो. मामाच्या वाडीतले सुतारकाका माझं काम बघत उभे होते, मी जोर लावत होतो, तर म्हणाले, "अरे ओल्याला धार लागते, जोर नाय लागत." तेवढंच बोलले आणि गेले. तेव्हापासून मी दर दहा मिनिटांनी ग्राइंडरवर जातो.

कातायची दिशा तळाकडून काठाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे. पण सालीजवळ पोचलात की थांबा. गाऊज आतून बाहेर सालीतून निसटली तर सालीला मागून आधार नसतो, ती उडते. शेवटचा अर्धा-पाऊण इंच सालीकडून आत असा उलटा, अगदी हलका घ्यायचा. आकार साधा ठेवा, तळापासून काठापर्यंत एक सलग वळण, मध्ये पोट किंवा मान नको, काठ एवढा बोलका असताना बाकी बाऊलने गप्प राहिलेलं बरं.

आकार जमला की तळाला चकसाठी, म्हणजे तुकडा जबड्यांत पकडणाऱ्या भागासाठी, खुंटी काढायची. माझ्या चकच्या जबड्यांना 50 मिलिमीटरच्या आसपासची सगळ्यात घट्ट बसते, तुमचे जबडे जवळजवळ बंद असताना जो व्यास येतो तो घ्या. उंची 6-8 मिलिमीटर, बाजू जबड्याच्या उतारासारखी थोडी आत झुकलेली, आणि खांदा सपाट, कारण चक खांद्यावर टेकतो. खुंटीचं टोक जबड्याच्या तळाला लागता कामा नये.

आता साल पक्की करून घ्या. साल आणि लाकूड यांच्या सांध्यात पातळ इन्स्टंट ग्लू, आपलं फेविक्विकसारखं, थेंब थेंब सोडत काठाभोवती फिरायचं. ओल्या लाकडावर ते भराभर धरतं, धूर डोळ्यात जातो म्हणून तोंड लांब आणि खिडकी उघडी. पांढऱ्या लाकडावर त्याचे डाग पडतात, त्यासाठी आधी लाखेच्या पॉलिशचा एक हात मारून घ्या. ग्लू पूर्ण धरेपर्यंत मशीन चालू करू नका.

आत कोरणं, आणि इथे थांबायचं नाही

तुकडा उलटा करून खुंटी चकमध्ये धरा, शक्य तेवढा वेळ टेलस्टॉकचा आधार ठेवा. ओली खुंटी दबते, म्हणून पाच-दहा मिनिटांनी मशीन बंद करून चक परत आवळा. हे मी दर बाऊलला दोन-तीनदा करतो.

मशीन चालू झालं की काठ दिसत नाही. उंच टोकं फिरताना फक्त एक धूसर सावली दिसते आणि त्या सावलीत बोट गेलं तर थेट सालीचा फटका बसतो. टूलरेस्टच्या पलीकडे बोट कधीही न्यायचं नाही. लेथच्या मागे काळं कापड किंवा पुठ्ठा लावा, हलक्या रंगाची सावली त्यावर स्पष्ट उठते आणि कडेची रेषा दिसते.

सुरुवातीला गाऊज हवेतून जाते, लाकूड लागतं, परत हवा, परत लाकूड, टक-टक-टक असा आवाज येतो. या वेळी गाऊजचा मागचा उतार लाकडावर दाबून चालायची सवय सोडा, कारण अर्धा वेळ तिथे लाकूडच नाही, दाबलं की टोक आत घुसतं. गाऊजची पन्हाळ बाजूला वळवून, दांडा कमरेला टेकवून, एका सारख्या संथ वेगाने ढकलायची. काठाच्या खालच्या बाजूंच्याही खाली गेलं की आवाज सलग होतो आणि हात स्थिर होतो.

खोली आधी ठरवून घ्या. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून मध्यभागी तेवढंच भोक पाडा, मग तळ फुटायची भीती राहत नाही.

आता क्रम महत्त्वाचा. आधी मधला भाग थोडा मोकळा करा, मग काठाची भिंत वरून इंचभर खोलीपर्यंत शेवटच्या जाडीला आणा, पूर्ण, स्वच्छ, परत हात लावावा लागणार नाही अशी. मग पुढचा इंच. मग पुढचा. मध्ये लाकडाचा गड्डा शेवटपर्यंत राहू द्या, तोच भिंतीला हलण्यापासून धरून ठेवतो. खालचा भाग पातळ केल्यावर परत वर काठाकडे जायचं नाही, कारण तोवर काठ हललेला असतो, गोल राहिलेला नसतो, गाऊज एका बाजूला लागते आणि दुसऱ्या बाजूला हवेत असते, आणि पुढच्या सेकंदाला काठाचा तुकडा जातो.

जाडी किती? पहिल्या बाऊलला पेन्सिलीएवढी, 7-8 मिलिमीटर. हात बसला की 5 पर्यंत जा. पातळ ओल्या लाकडातून उजेड आरपार येतो, त्यामुळे बाऊलच्या मागच्या बाजूला एक एलईडी लावा आणि खोलीतला बाकी उजेड कमी करा. हलक्या रंगाच्या लाकडात भिंत 5-6 मिलिमीटरच्या खाली आली की केशरी झाक दिसायला लागते, आणि जिथे ती जास्त उजळ तिथे भिंत पातळ. रेन ट्रीच्या गडद भागात हे जमत नाही, तिथे जाडी मोजायचा कॅलिपरच.

आणि सलग बसा. चहा, फोन, जेवण सगळं आधी उरकून घ्या. एकदा फणसाचा बाऊल अर्धा कोरून झाला होता, काठ पातळ, मध्ये गड्डा, आणि लाईट गेली. वाट बघत बसलो, दीड तासाने आली, मशीन चालू केलं तर काठ डोळ्याला दिसेल इतका लांबट झालेला. तरी मी गाऊज लावली, आणि एका टोकाची साल लाकडासकट गेली. लाईट गेली तर करायचं असं की स्प्रेने पाणी मारायचं, ओलं फडकं गुंडाळायचं आणि वरून प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधायची, बाऊल चकमधून काढायचा नाही. काम चालू असतानाही मी अधूनमधून काठावर पाण्याचा फवारा मारतो, विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये.

आत स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं सपाट हत्यार, वापरायचा मोह होतो. तळाला चालेल, पण पातळ काठाजवळ नाही, भिंत थरथरते आणि पकडली जाते.

तळ

खुंटी काढायला बाऊल उलटा करून चकवर टेकवायचा, मध्ये जुन्या रबरी चपलेचा तुकडा नाहीतर फोम, आणि टेलस्टॉकचं टोक तळावरच्या जुन्या खुणेत. म्हणून ती खूण आधी पुसायची नाही. हळूहळू खुंटी काढत जा, मध्ये बोटाएवढा दांडा राहू द्या आणि तो नंतर पटाशीने उडवा. तळ मध्ये थोडा खोलगट ठेवा, फक्त कडेची गोल रिंग टेकली पाहिजे, कारण सुकताना तळाचा मधला भाग बाहेर फुगतो आणि सपाट तळाचा बाऊल टेबलावर डुलत राहतो.

सुकवणं

किचनच्या वजनकाट्यावर वजन करा, तारीख आणि ग्रॅम तळावर पेन्सिलने लिहा. मग वर्तमानपत्राच्या दोन-तीन थरांत गुंडाळून घरातल्या थंड, वारा नसलेल्या जागी ठेवा, कपाटाखाली वगैरे. पंख्याखाली नाही, गच्चीवर तर अजिबात नाही. दर दोन-तीन दिवसांनी वजन. सुरुवातीला भराभर उतरतं, मग मंद होतं, आणि सलग तीन वेळा तोच आकडा आला की बाऊल सुकला. पातळ बाऊल दोन-तीन आठवड्यांत होतो. कोकणात पावसाळ्यात कागद ओलसर राहून बुरशी येते, तिथे कागद रोज बदला किंवा एकच थर ठेवा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात उलट, तिथे कागदाच्या वर पुठ्ठ्याचा खोकासुद्धा हवा.

बाभूळ आणि फणसावर लोखंडाचे निळे-काळे डाग पडतात, ओल्या लाकडातलं टॅनिन आणि लोखंड भेटलं की हे होतंच, बाभळीची साल कातडी कमवायला वापरतात ती याच टॅनिनसाठी. लिंबाचा रस चोळला की बरेचसे जातात. लेथचा बेड मात्र त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर सकाळी लालसर गंज चढलेला दिसेल.

पॉलिश

ओल्या लाकडावर पॉलिश पेपर लगेच भरून जातो, म्हणून घासकाम सुकल्यावर. आणि ते लेथ बंद ठेवून, हाताने किंवा ड्रिलवर गोल पॅड लावून, कारण बाऊल आता गोल राहिलेला नाही आणि फिरता लाटेचा काठ बोटं कापतो. 120 नंबरच्या पेपरपासून सुरू करून 180, 240, 320. मास्क लावा, एन-95 वाला, साधं फडकं नाही. सालीला पेपर लावायचा नाही, जुन्या टूथब्रशने धूळ झटका.

तेल जवसाचं, पातळ हात, वीस मिनिटांनी जादा पुसून घ्यायचं, सुकायला चार-पाच दिवस द्यायचे, असे तीन-चार हात. शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं तेल लावू नका, ते सुकत नाही, चिकट राहतं आणि खवट वास धरतं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, ती दोरीवर एकेक पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. वरून मधमाशीच्या मेणाचा एक हात दिला की पिवळा पट्टा उठून दिसतो. असा बाऊल फळं, सुकामेवा, चाव्या यासाठी, आमटीसाठी नाही.

आणि तो उरलेला अर्धा ओंडका, जो तुम्ही सकाळी बाजूला ठेवलात, त्याच्या कापलेल्या बाजूंना मेण फासून प्लास्टिकमध्ये गुंडाळून सावलीत ठेवा आणि येत्या रविवारी लेथवर चढवा. पंधरा दिवसांनी उघडलात तर वर बुरशी आणि आत तडा दोन्ही असतील.